तिसरी घंटा : रंगमंचावरच्या मनाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रेक्षकांसमोर उभे राहताना तुमच्या मनात नेमके काय चाललेले असते, असे आम्ही गेल्या अंकात वाचकांना विचारले होते. उत्तरादाखल जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली, आणि त्यांतली बहुतेक पत्रे म्हणजे प्रश्नच निघाले. त्यांपैकी सहा प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. काहींनी तशी विनंती केली होती आणि उरलेल्यांच्या बाबतीतही ते बरे वाटले.

प्रश्न : मी शिरपूरला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. विद्यापीठाच्या युवारंग महोत्सवात आमची एकांकिका आहे आणि तीत माझी मोठी भूमिका आहे. तालमीत सारे सुरळीत होते. पण गेल्या वर्षी विंगेत उभा असताना हात गार पडले, जीभ टाळूला चिकटली, पोटात कालवाकालव झाली आणि पहिली दोन वाक्ये कापऱ्या आवाजात गेली. एक मित्र म्हणतो की, छातीतली धडधड थांबवणारी गोळी मिळते, ती घे. घ्यावी का? आणि ही भीती जाते तरी कधी?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते ऐकले की पहिला प्रश्न बराच हलका होतो. ही भीती बहुतेकांच्या बाबतीत पूर्णपणे कधीच जात नाही. चेलोवादनात विसाव्या शतकातले सर्वश्रेष्ठ मानले गेलेले पाब्लो कासाल्स आयुष्यभर मैफलीपूर्वी घाबरत असत. इंग्रजी रंगभूमीवरचे लॉरेन्स ऑलिव्हिए यांना तर या भीतीने गाठले ते पन्नाशी उलटल्यावर, 1960 च्या दशकाच्या मध्यात, जेव्हा त्यांच्या तोडीचा नट त्या देशात क्वचितच कोणी मानला जात होता; पुढची काही वर्षे ते सहकलाकारांना विनवत असत की, प्रवेश चालू असताना माझ्या डोळ्यांत पाहू नका. तेव्हा ती जाण्याची वाट पाहत बसू नकोस. ती असताना काम कसे करायचे, एवढेच शिकायचे आहे.

विंगेत शरीरात काय घडते ते समजून घे. इतके डोळे एकाच वेळी आपल्यावर रोखलेले आहेत, ही बातमी मेंदूला धोक्याची वाटते आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरते. हृदय वेगाने चालू लागते. रक्त बोटांकडून मोठ्या स्नायूंकडे वळते म्हणून हात गार पडतात, आणि बाहेर पारा 45 अंशांवर असला तरी पडतात, हे जळगाव-भुसावळकडचा कोणताही नट सांगेल. लाळ आटते म्हणून तोंड सुकते, पचन मंदावते म्हणून पोट ढवळते. गंमत अशी की, भरताच्या नाट्यशास्त्रात नटाने दाखवावयाचे म्हणून जे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत ते स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे आहेत, आणि त्यांतले चार-पाच तरी नवख्या नटाला विंगेत कष्टावाचून मिळालेले असतात.

हीच खळबळ आनंदाच्या प्रसंगीही होते; शरीराला त्या दोहोंतला फरक फारसा कळत नाही, तो आपण ठरवतो. अमेरिकेतल्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स या संशोधक बाईंनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अनोळखी माणसांसमोर गाण्यापूर्वी ज्यांना ‘मी उत्साहात आहे’ असे मोठ्याने म्हणायला लावले होते ते, ‘मी घाबरलो आहे’ असे म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक सुरात गायले. आणखी एक गोष्ट यापेक्षाही उपयोगी आहे. आपली भीती समोरच्यांना लख्ख दिसते, असे घाबरलेल्या माणसाला वाटत असते, आणि प्रत्यक्षात ती त्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी दिसते. केनेथ सॅव्हिट्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी 2003 साली दाखवले की, भाषणापूर्वी ज्यांना केवळ एवढी माहिती दिली त्यांची भाषणे इतरांपेक्षा चांगली झाली. तुझी ती कापरी दोन वाक्ये पाचव्या रांगेतल्या माणसाला आज आठवत नसतील.

आता गोळी. तुझा मित्र बहुधा प्रोप्रॅनोलॉलविषयी बोलत असावा. हे औषध 1960 च्या दशकात हृदयरोगासाठी आले आणि पुढे पाश्चात्त्य वादकांत त्याचा वापर बराच पसरला, कारण ते हाताचा कंप आणि धडधड खरोखरच कमी करते. मात्र दमा असणाऱ्याला ते धोक्याचे ठरू शकते, रक्तदाब व नाडी खाली आणते, आणि डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्याशिवाय घेण्याचे ते औषधच नव्हे. मित्राच्या खिशातली गोळी प्रयोगाच्या दिवशी तोंडात टाकणे तर साफ चूक आहे. माझे स्वतःचे मत असे की, ज्याच्या गजाचा कंप थेट सुरात उतरतो त्या व्हायोलिनवादकाने डॉक्टरांशी बोलावे; नटाला मात्र ती ऊर्जा लागते आणि ती गोळीने मारून टाकली तर प्रयोग सपाट होतो.

तुला करता येण्यासारखे बरेच आहे. पडदा उघडण्याच्या पुष्कळ आधी जाऊन रिकाम्या रंगमंचावर चालून ये, मागच्या रांगेत बसून तिथून काय दिसते ते पाहा. पहिली दोन वाक्ये झोपेतून उठवले तरी येतील इतकी पाठ कर. बाकीची भूमिका तेवढी घट्ट नसली तरी चालते. विंगेत श्वास घेण्याकडे लक्ष देण्याऐवजी सोडण्याकडे दे आणि तो सावकाश सोड. आत गेल्यावर समोरच्या पात्राकडून आपल्याला काय हवे आहे, याच्याच मागे लाग. स्वतःच्या हातांकडे लक्ष गेले की ते अधिक थरथरतात, हा अनुभव तुला आलाच आहे.

प्रश्न : माझी आठ वर्षांची मुलगी भुसावळच्या शाळेत शिकते. घरी ती आरशासमोर तासन्‌तास नाचते, पण स्नेहसंमेलनात नाव घातले की रडून गोंधळ घालते. सभाधीटपणा यावा म्हणून तिला बळेच उभे करावे का?

उत्तर : नाही. बळेच उभी केलेली मुले पुष्कळदा प्रेक्षकांपेक्षा विंगेतून खुणा करणाऱ्या आईबापांनाच अधिक घाबरतात. तिला या वर्षी पडद्याची दोरी सांभाळू द्या किंवा मैत्रिणींच्या चाळांची पेटी राखू द्या. रंगमंच मागच्या बाजूने पाहिलेल्या मुलाला तो पुढच्या बाजूने कमी परका वाटतो. आणि आरशासमोरच्या नाचाचे चित्रीकरण करून नातेवाइकांना पाठवणे आजपासून बंद करा, कारण तिथेही तिला नकळत प्रेक्षक मिळाले आहेत.

प्रश्न : मी पारोळा तालुक्यातली गृहिणी आहे. कानबाई देवीच्या उत्सवाच्या रात्री मी पहाटेपर्यंत गाणी म्हणते, गल्लीतल्या बाया मलाच पुढे करतात, आणि मला तेव्हा भीती म्हणून वाटत नाही. यंदा महिलांच्या एका कार्यक्रमात तीच गाणी म्हणायला मला जळगावला बोलावले. माईकसमोर उभी राहिले आणि दुसऱ्या कडव्याला गळाच धरला. जी गाणी लहानपणापासून ओठांवर आहेत ती तिथे का आली नाहीत?

उत्तर : ताई, आपला प्रश्न मला सर्व पत्रांत महत्त्वाचा वाटला, कारण सरावाने भीती जाते हे आपण सगळेच एकमेकांना सांगतो आणि आपल्या बाबतीत ते खोटे ठरलेले दिसते.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी 1965 साली एक नियम मांडला होता, तो असा की, बघणारे जवळ असले म्हणजे माणसाकडून अंगवळणी पडलेले काम अधिक चांगले होते आणि नवे, कच्चे काम अधिक बिघडते. या नियमाने पाहिले तर आपले गाणे जळगावला अधिक रंगायला हवे होते. पण आपल्या अंगवळणी नेमके काय पडले आहे ते पाहा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोट होतात आणि रात्री बाया गोलात मांडी घालून बसतात. एकीने उचलायचे, बाकीच्यांनी झेलायचे. धाप लागली तर दुसरी पुढे नेते, कडवे विसरले तर तिसरीला आठवते. सारे तोंड देवीकडे असते. त्या खोलीत केवळ ऐकायला म्हणून कोणीच आलेले नसते, आणि सोमवारी कानबाईला निरोप दिल्यावर कोण बेसूर होते याची चर्चाही कोणी करत नाही.

जळगावला आपल्याला एकटीने, उभ्याने, देवीकडे पाठ करून, स्वतःचाच आवाज भोंग्यातून परत ऐकत, प्रत्येक कडवे स्वतःच उचलून स्वतःच संपवायचे होते. गाणे जुने असले तरी हे काम आपल्यासाठी संपूर्ण नवे होते, आणि नव्या कामावर प्रेक्षकांचा जो परिणाम होतो तोच झाला. गळा धरतो तो श्वास वर, छातीतच अडकल्यामुळे. मांडी घालून बसल्यावर जो श्वास सहज पोटातून येतो तो उभ्याने, खांदे आवळलेले असताना येत नाही.

त्यामुळे पुन्हा बोलावणे आले तर नाही म्हणू नका, अटी घाला. आपल्याबरोबर गल्लीतल्या आणखी तीन-चार जणींना न्या आणि आयोजकांना सांगा की, आम्ही सतरंजीवर बसून गाणार. माईक मधोमध, कोणाच्याही तोंडाला न चिकटवता ठेवायला सांगा. घरी आठवडाभर एकटीने उभे राहून, हातात लाटणे धरून का होईना, संपूर्ण गाणे म्हणून पाहा, म्हणजे आपला एकटीचा श्वास कुठे तुटतो ते कळेल आणि तिथे मुद्दाम थांबता येईल. गाणे आपल्या नेहमीच्या पट्टीतच सुरू करा. वाजवणाऱ्याने पेटीवर वरची पट्टी धरली असेल तर त्याला थांबवून खाली आणायला सांगण्यात कमीपणा नाही. आणखी एक सांगतो, ते सल्ला म्हणून कमी आणि मत म्हणून अधिक घ्या. कानबाईची किंवा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, गौराईची गाणी रंगमंचावर आणताना दोन कडव्यांत उरकायला लावणारे, मध्येच निवेदकाला घुसवणारे आणि गाणाऱ्या बायांना एकसारख्या नऊवाऱ्या नेसवून रांगेत उभे करणारे कार्यक्रम मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि अशा ठिकाणी ज्या बाईचा गळा धरतो तिच्या गळ्याचा दोष नसतो.

प्रश्न : मी चाळीसगावचा. आमच्या नाटकात सारे संवाद अहिराणीत आहेत. पहिल्याच प्रवेशात मी मोठ्या भावाला वडील गेल्याचे सांगतो : ‘आबा गया रे भो.’ आमच्या खेड्यात प्रयोग झाला तेव्हा बाया पदर डोळ्यांना लावत होत्या. शहरातल्या नाट्यगृहात त्याच वाक्याला हशा पिकला. मला इतका संताप आला की, पुढचा अर्धा प्रवेश मी ओरडूनच केला. अशा वेळी नटाने काय करायचे असते?

उत्तर : तुमचा संताप रास्त आहे, पण तो प्रेक्षकांना दिसला, आणि त्यामुळे जो भावाचा शोक होता तो नटाचा राग झाला. प्रवेश तिथे बिघडला. हशाने फक्त ठिणगी टाकली.

हसणारे कोण होते याचा विचार करा. खान्देशातल्या शहरात नाट्यगृहात बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या तरी घरी आजी हीच बोली बोलत असते. तिकीट काढून, चांगले कपडे घालून ते जे ऐकायला आलेले असतात ते पुस्तकी मराठी असते. तिथे प्रकाशझोतात अवचित घरची भाषा ऐकू आली की ओळख पटल्याचे हसू फुटते आणि त्यात थोडी लाजही मिसळलेली असते. याच्या जोडीला सवय आहे. वर्षानुवर्षे नाटकांतून, दूरदर्शन मालिकांतून आणि आता भ्रमणध्वनीवरच्या चित्रफितींतून बोली बोलणारे पात्र म्हणजे गडी, भांडखोर म्हातारी किंवा विनोदवीर, असेच दाखवले गेले. कान असे तयार झाले की वाक्याचा अर्थ पोहोचण्यापूर्वीच हसू येते. यात आपल्याच लोकांनी, अहिराणीवर पोट भरणाऱ्या विनोदी कलाकारांनी, थोडाफार हातभार लावलेला आहे. ते कटू असले तरी बोलले पाहिजे.

उलट उदाहरणही आपल्याच मुलखात आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर 1952 साली पुस्तकरूपाने आली. त्यांची बोली तुमच्या अहिराणीहून वेगळी, लेवा गणबोलीच्या जवळची आहे. पण पुस्तकी मराठीपासून ती कमी दूर नाही. ती कविता व्यासपीठावर म्हटली जाते तेव्हा कोणी हसत नाही, कारण ऐकणारा कान आधीच सावरून बसलेला असतो. तेव्हा प्रेक्षकांचा कान सावरून घेण्याचे काम तुमच्या नाटकाने करायला हवे, आणि ते पहिल्या दहा मिनिटांत करायला हवे.

वडिलांच्या मृत्यूचे वाक्य हे प्रेक्षकांच्या कानावर पडणारे पहिले अहिराणी वाक्य असू नये. त्याआधी साध्या, रोजच्या बोलण्याचा प्रवेश घ्या : मोटारीला वीज नाही, केळीच्या खोडाला पाणी द्यायचे राहिले, एस.टी. चुकली. तिथे हसण्याजोगे एखादे वाक्य मुद्दाम ठेवा आणि प्रेक्षकांना मनसोक्त हसू द्या. ती हौस फिटली की बोलीचे नावीन्य संपते आणि ते पात्रांकडे पाहू लागतात. लेखकाला हे सुचवणे नटाच्या अधिकारात बसत नाही असे मानू नका. हौशी संघात ते बसते.

एवढे करूनही हशा आलाच तर त्याच्यावरून बोलू नका आणि त्याला डोळे वटारूनही पाहू नका. थांबा, आणि थांबताना पात्रातून बाहेर पडू नका. भावाचा हात धरलेला असेल तर तो अधिक घट्ट धरा. हशा आपोआप ओसरतो आणि ओसरताना हसणाऱ्याला स्वतःचेच हसू ऐकू येते. पुढचे वाक्य तुमच्या ठरलेल्या आवाजापेक्षा खाली बोला, म्हणजे ते ऐकण्यासाठी सभागृहाला गप्प बसावे लागेल. तमाशातले जुने सोंगाडे हशा कुठे वाढवायचा आणि कुठे गिळायचा हे फार चोख जाणत. गंभीर नटांनी ते त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. तुम्ही मात्र एक करू नका. स्पर्धेतल्या गुणांच्या धाकाने ते वाक्य ‘आबा गेले रे दादा’ असे बदलू नका.

प्रश्न : मी एरंडोलकडचा, जातिवंत ढोलकीवाला. उभी हयात तमाशाच्या फडात गेली, आता वयोमानाने घरी आहे. ऐन जत्रेच्या दिवसांत माझा सख्खा भाऊ वारला तेव्हा मी परगावी होतो. निरोप दुपारी आला, रात्री मी वाजवले, आणि खोटे कशाला बोलू, त्या रात्रीसारखी ढोलकी माझ्याकडून क्वचितच वाजली असेल. टाळ्या पडल्या तेव्हा मला आनंदही झाला. तेव्हापासून मनात आहे की मी काळजाचा दगड आहे का?

उत्तर : आबा, दगडाला हा प्रश्न पडत नाही.

आपल्याकडे अशा प्रसंगांच्या गोष्टी मोठ्या अभिमानाने सांगतात. बालगंधर्वांचे (1888–1967) बालपणीचे गाण्याचे शिक्षण जळगावात झाले, म्हणून त्यांची गोष्ट इथे विशेष आवडीने सांगितली जाते : 12 मार्च 1911 रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीच्या नव्या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग मुंबईत होता, त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली, आणि ते ठरल्याप्रमाणे नायिकेच्या वेषात उभे राहिले. विठाबाई नारायणगावकरांची (1935–2002) गोष्ट तर आपल्याला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असेल. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, मध्येच मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या, असे सांगतात. त्या गोष्टीचा शेवट मात्र सांगणारे बहुधा गाळतात. प्रेक्षकांना काय घडले ते कळले तेव्हा त्यांनीच खेळ थांबवायला लावून बाईंना विश्रांती घ्यायला सांगितले, असाही तो वृत्तान्त आहे. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झालेल्या या कलावतीची अखेरची वर्षे हलाखीत गेली, तेही या गोष्टीला जोडून सांगायला हवे.

या गोष्टी मला भक्तीने सांगवत नाहीत. फडाची सुपारी घेतलेली असते, कलाकारांनी मालकाकडून उचल घेतलेली असते, गावाने तंबूला जागा दिलेली असते. ढोलकीवाला नसला तर गण सुरू होत नाही आणि पन्नास-साठ माणसांची त्या दिवसाची भाकरी अडते. आपण त्या रात्री वाजवले ते पुष्कळ अंशी यासाठी, की ‘आज जमणार नाही’ असे म्हणण्याची सोय आपल्याला कोणी ठेवलेलीच नव्हती. ज्यांना ती सोय होती त्यांनी या प्रसंगांना त्यागाचे नाव दिले.

आता ते चांगले का वाजले याविषयी. ढोलकीची थाप नाचणारीच्या पायाशी क्षणाक्षणाला जुळवावी लागते, तिथे मनाला दुसरीकडे जायला वाव नसतो. त्या चार तासांत आपले सारे लक्ष हातांत उतरले, कारण इतरत्र ते टेकवणे असह्य होते. दुःख तिथे नव्हते असे नाही. शरीरालाही अशा ताणात वेदना कमी जाणवते. तापाने फणफणलेली नाचणारी बोर्डावर ताप विसरते आणि खाली उतरताच कोसळते, हे आपण कितीदा पाहिले असेल. टाळीचा आनंद हा हाताच्या कामाला मिळालेली पावती होती, तो भावाच्या मरणाचा आनंद नव्हता, आणि दोन भावना एकाच छातीत एकाच वेळी राहू शकतात. आपल्याला जे डाचते आहे ते बहुधा वाजवणे नसून भावाच्या मातीला न पोहोचणे हे असावे. तसे असेल तर ते ढोलकीशी जोडून ठेवू नका. भावजयीकडे, पुतण्यांकडे जा आणि त्या रात्री काय झाले ते त्यांना एकदा सांगा. माझ्यासारख्या परक्याला पत्राने सांगितलेत त्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. रात्रीची झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असतात, त्यांना दाखवण्यात संकोच करू नका.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यात माध्यमिक शिक्षिका आहे. राज्य हौशी नाट्यस्पर्धेसाठी आम्ही दोन महिने शाळा सुटल्यावर तालमी केल्या. प्रयोग उत्तम झाला. पण दुसऱ्या दिवसापासून मला कशातच रस वाटेना, वर्गात शिकवतानाही रिकामे वाटत होते. प्रयोग वाईट झाला असता तर समजले असते. चांगला झाल्यावर असे का व्हावे?

उत्तर : चांगला झाला म्हणूनच अधिक होते. दोन महिने दिवसाचा प्रत्येक तास संध्याकाळच्या तालमीकडे पाहत होता, ती संध्याकाळ आता नाही. शरीरही त्या रात्रीच्या ताणातून उतरायला दोन-चार दिवस घेते. हे बहुतेकांना होते आणि ओसरते. ते तीन-चार आठवड्यांपेक्षा अधिक लांबले तर मात्र डॉक्टरांशी बोला. त्या दिवसांत नोकरी, घर किंवा नाटक सोडण्याविषयी कोणताही निर्णय घेऊ नका, आणि निकालाची वाट पाहत भ्रमणध्वनी उशाशी ठेवू नका.

पण मला आपल्या पत्रात दुसरेच काही दिसते. ही स्पर्धा 1954 पासून चालू आहे आणि तिने खान्देशासारख्या भागात नाटक जिवंत ठेवले, हे निर्विवाद आहे; पण तिनेच आपल्याला एका प्रयोगाची सवय लावली. व्यावसायिक नटाला उद्याचा प्रयोग असतो, आजची चूक उद्या दुरुस्त करता येते, आजची टाळी उद्या पुन्हा मिळवावी लागते. आपण साठ संध्याकाळी खर्च करतो, एकदा उभे राहतो, आणि नेपथ्य कोणाच्या तरी गोठ्यात जाऊन पडते. नटाला आपली भूमिका खरी कळू लागते ती तिसऱ्या-चौथ्या प्रयोगाला, आणि तिथवर आपले हौशी नट पोहोचतच नाहीत. आपले रिकामेपण पुष्कळसे त्या अपुऱ्या राहिलेल्या कामाचे आहे असे मला वाटते.

म्हणून संघाला एकत्र बोलवा आणि दुसरा प्रयोग ठरवा. शहादा, तळोदा, नवापूर, जिथे कोणाची ओळख असेल तिथे. नाट्यगृह नसले तर शाळेचे पटांगण चालेल. गणेशोत्सवातल्या मंडळांना ऑर्केस्ट्रापेक्षा स्वस्तातला कार्यक्रम हवाच असतो. नेपथ्य दोन खुर्च्या आणि एका खाटेवर आणा, प्रकाशासाठी दोन हॅलोजन बांधा, आणि दोन अंकांचे नाटक सव्वा तासात बसेल असे कापा. कापताना लेखकाची परवानगी घ्यायला विसरू नका. खुल्या पटांगणात मागच्या बाजूला मुले धावतील, मध्येच कोणाचा तरी ट्रॅक्टर जाईल आणि संवाद मोठ्याने बोलावे लागतील, म्हणून तालीम या वेळी वर्गाऐवजी मैदानावरच घ्या.